ढेकर गाईचा, हिशेब वैरणीचा

हवामान परिषदेचे दिवस आले की गाय वर्तमानपत्रात येते. एका पक्षाचे म्हणणे ठरलेले असते. माणसाच्या कारभारातून हवेत जाणाऱ्या मिथेन या तापमान वाढवणाऱ्या वायूपैकी सुमारे ४० टक्के शेतीतून येतो. त्यात गुरांचे ढेकर नि शेण यांचा वाटा ३२ टक्के आणि भातखाचरांचा ८ टक्के. गाई-म्हशींची सर्वांत मोठी संख्या भारतात, तेव्हा भारताने गुरे कमी करावीत. दुसऱ्या पक्षाचे उत्तरही तितकेच ठरलेले. दोनशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आमच्या गोठ्यात डोकावू नये, आणि आमची गाय बदनाम करू नये. पहिल्याचा आकडा बरोबर आहे, दुसऱ्याचा राग बरोबर आहे. मात्र या दोघांच्या भांडणात जनावरांच्या दावणीत काय पडते, याची चौकशी कोणीच करत नाही.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा झाली. २०२० ची पातळी आधार धरून २०३० पर्यंत ही घट साधायची होती. पुढे दीडशेहून जास्त देश त्यात आले. भारत आला नाही. माझ्या मते भारताने सही केली नाही ते बरोबरच केले. पण सही केली नाही म्हणजे फाइल बंद झाली, हा जो समज आपल्याकडे रुजला तो महागात पडणारा आहे. महाग कोणाला? ग्लासगोच्या मंडळींना नव्हे, चार गाई बांधणाऱ्या शेतकऱ्याला. कारण गुरांचा मिथेन हा आधी वाया गेलेल्या वैरणीचा हिशेब आहे आणि मग हवामानाचा. जनावरे किती, हा प्रश्न आपल्यासाठी दुय्यम आहे. ती काय खातात, किती दिवस भाकड राहतात आणि त्यांचे शेण कुठे पडते, हे प्रश्न पहिले.

गाईच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, कडबा गेला की तिथले सूक्ष्मजीव तो कुजवतात. या कुजण्यात हायड्रोजन सुटतो. तो साचून राहिला तर पचनच थांबेल, म्हणून आर्किया नावाचे वेगळे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय ढेकर देऊन तो बाहेर टाकते. मागच्या बाजूने जातो तो अगदी थोडा. विनोदांतली गाय शरीरशास्त्राला धरून नसते. आता आकडा बघा. रोज १० किलो शुष्क चारा खाणाऱ्या गाईच्या पोटात सुमारे १८५ मेगाज्यूल ऊर्जा जाते. त्यातली साडेसहा टक्के मिथेनच्या वाटेने जाते असे आंतरराष्ट्रीय गणितात धरतात. म्हणजे १२ मेगाज्यूल, वजनात रोज २१५ ग्रॅम मिथेन, वर्षाला ७८ किलो. एवढ्या वायूची उष्णता मोजली तर दर दोन महिन्यांना १४.२ किलोचा एक घरगुती सिलिंडर त्या गाईच्या तोंडावाटे हवेत जातो. ही सगळी ऊर्जा वाचवता येत नाही, कारण हायड्रोजनला वाट द्यावीच लागते. पण वाट दुसरीही आहे. चारा कोवळा नि पचनीय असेल, सोबत थोडा खुराक असेल, तर कोठीपोटात प्रोपिओनेट नावाचे आम्ल जास्त बनते. ते हायड्रोजन वापरून टाकते आणि त्याचेच पुढे दूध होते. नुसत्या जून कडब्यावर ॲसिटेट हे दुसरे आम्ल जास्त होते आणि हायड्रोजन मोकळा सुटतो. दावणीतला फरक हवेत दिसतो तो असा.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांच्या हेतूबद्दल, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३७८ लाख टन मिथेन मांडला गेला होता. दुसऱ्या मुलखातल्या मोजक्या प्रयोगशेतांवरचे दर घ्यायचे आणि भारतातल्या एकूण भातक्षेत्राला गुणायचे, असा तो प्रकार. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९९१ मध्ये देशभर मोजणीची मोहीम घेतली. रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची आणि त्यातला मिथेन यंत्रावर तपासायचा, असे ते कष्टाचे काम. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. नऊपटीहून जास्त फरक! आपल्याकडचा बराच भात पावसावर, मधूनमधून सुकणाऱ्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत होतो, हे त्या गुणाकाराला ठाऊकच नव्हते. त्याच वर्षी दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत घालू नका, असा मुद्दा मांडला. तो आजही खोडता येत नाही.

तेव्हा संशय घेणाऱ्यांचे पारडे जड आहे, हे मान्य. पण त्या प्रकरणातून धडा कोणता घ्यायचा? भारताची बाजू त्या वेळी कटकारस्थानाच्या आरोळ्यांनी सिद्ध झाली नाही, पेट्या घेऊन चिखलात उतरलेल्या लोकांमुळे झाली. आणि त्यांचे उत्तर ४० लाख टन होते, शून्य नव्हे. भारत सरकारने स्वतःच संयुक्त राष्ट्रांना २०२१ मध्ये जो अहवाल दिला त्यात २०१६ च्या देशातल्या मिथेनपैकी जवळपास ७४ टक्के शेती-पशुपालनातून दाखवला आहे, साडेचौदा टक्के कचरा-सांडपाण्यातून आणि साडेदहा टक्के ऊर्जाक्षेत्रातून. हा परक्यांचा आकडा नाही.

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय. गाईच्या मिथेनमधला कर्ब गवतातून आला, गवताने तो हवेतून घेतला, मिथेन दहा-बारा वर्षांत मोडून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो. मग नवे काय झाले? कर्बाचा हिशेब खरोखरच जुळतो. जमिनीखालचा कोळसा वर काढण्याशी त्याची बरोबरी करणे चूकच. मात्र कर्ब तोच असला तरी रूप वेगळे आहे, आणि त्या दहा-बारा वर्षांत त्या रूपाची उष्णता धरून ठेवण्याची ताकद फार मोठी आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींच्या घरात. ऑक्सफर्डचे हवामानशास्त्रज्ञ मायल्स ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक महत्त्वाचा मुद्दा काढला. गुरांची संख्या स्थिर असेल तर नवा मिथेन आणि मोडणारा मिथेन यांची जवळपास बरोबरी होते आणि तापमानात फारशी नवी भर पडत नाही. पारंपरिक मोजमाप स्थिर कळपावर अन्याय करते, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

फक्त, आपला कळप स्थिर आहे का? १९८२ च्या पशुगणनेत देशात गाय-बैल १९ कोटी २४ लाख होते आणि २०१९ मध्ये १९ कोटी २५ लाख. इतकी स्थिरता क्वचितच कुठे दिसेल. वादात एवढाच आकडा सांगितला जातो. म्हशी मात्र त्याच काळात सुमारे ७ कोटींवरून ११ कोटींवर गेल्या. म्हैस गाईइतकाच, बहुधा जास्तच मिथेन सोडते. बिचारीला ना बदनामीचा मान मिळतो ना बचावाचा. शिवाय स्थिर आकड्याच्या आत उलथापालथ चाललेली आहे. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत बैल आणि गोऱ्हे सुमारे दोन कोटींनी घटले आणि गाई-कालवडी दोन कोटींहून जास्त वाढल्या. ट्रॅक्टरने बैल हटवला, दुधाच्या धंद्याने गाय आणली. बैलाचा मिथेन गेला, डिझेलचा धूर आला, आणि दुभत्या गाईचा मिथेन बैलापेक्षा जास्त, कारण ती खाते जास्त. हवामानाचे कोणतेही धोरण नसताना झालेला हा बदल कोणत्याही धोरणापेक्षा मोठा आहे. याची चर्चा कुठे ऐकली?

आता दोन्ही पक्षांच्या आवडत्या आकड्यांकडे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईचा मिथेन वर्षाला ५८ किलो धरला आहे आणि उत्तर अमेरिकेतल्या गाईचा १२० ते १३० किलो. बघा, आमची गाय निम्मेच सोडते, असे बचाव पक्ष म्हणतो. त्याच तक्त्यात दूधही दिले आहे: आपल्या गाईचे वर्षाला ९०० किलो, तिकडच्या गाईचे ८,४००. भागाकार करा. आपल्याकडे किलोमागे ६४ ग्रॅम मिथेन, तिकडे सुमारे १५ ग्रॅम. बघा, भारतीय दूध चौपट घाण, असे आरोप पक्ष म्हणतो. दोघेही एकाच ओळीतले सोयीचे घर वाचतात. आपली गाय केवळ दूध देत नाही. तिचे गोऱ्हे नांगराला जातात, शेण शेतात नि चुलीत जाते, आणि ती खाते ते बहुतांशी माणसाच्या उपयोगाचे नसलेले काड, कडबा, बांधावरचे गवत. तिकडची गाय मका आणि सोयाबीन खाते. सगळा मिथेन दुधाच्या खात्यावर टाकणे म्हणजे घराचे भाडे एकट्या पाहुण्याकडून वसूल करण्यासारखे. एवढे वजा केले तरी फरक उरतोच, आणि उरलेला फरक शेतकऱ्याच्या खिशातला आहे.

तो खिशातला फरक कसा कमी करायचा हे नवीन ज्ञान नाही. ४०० किलो वजनाच्या, रोज १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला साधारण १५ ते २० किलो हिरवा चारा, ५-६ किलो सुका, शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम खुराक, वर ५० ग्रॅम खनिज मिश्रण लागते. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात प्रत्यक्षात काय पडते? उसाचे वाढे. फुकट किंवा स्वस्त, हिरवे दिसते, पोट भरते. त्यात प्रथिने नावाला आणि ऑक्झॅलेट भरपूर. ते कॅल्शियम बांधून ठेवते. आहारात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांनाच नत्र पुरत नाही, चारा पोटात रेंगाळतो, गाय कमी खाते, आणि खाल्लेल्यातला मोठा भाग वायू होऊन जातो. खनिजे कमी पडली की माज मुका होतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही. शेतकरी म्हणतो, गाय उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. खरे तर बऱ्याचदा माजच दिसलेला नसतो किंवा वेळ चुकलेली असते: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा साधा नियम पाळला जात नाही.

याचा मिथेनशी संबंध काय? सरळ आहे. वेताला २,४०० लिटर देणारी गाय दर १८ महिन्यांनी व्यायली तर वर्षाचे दूध १,६०० लिटर. वर काढलेला ७८ किलो मिथेन त्यावर वाटला तर लिटरमागे ४९ ग्रॅम. दोन वेतांतले अंतर १४ महिन्यांवर आणले तर वर्षाला २,०५७ लिटर आणि लिटरमागे ३८ ग्रॅम. कोणतीही पावडर न घालता बावीस टक्के घट. भाकड काळात गाय ढेकर द्यायची थांबत नाही, दूध मात्र थांबते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगावचे प्रशिक्षित लोक नेमून, घरात उपलब्ध असलेल्या चाऱ्याचाच समतोल बसवणारा कार्यक्रम राबवला, त्यात लिटरमागचा मिथेन १२ ते १५ टक्क्यांनी घटल्याचे मोजले गेले आणि रोजचा खाद्यखर्चही उतरला.

काडाचेही तसेच. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यात प्रथिने तीन-चार टक्के. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून थर देत शिंपडायचा, पायाने दाबायचे, प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचे. प्रथिने दुप्पट होतात, काड मऊ पडते, गाय आवडीने खाते. ही पद्धत कित्येक दशकांपूर्वीची. मग सर्वत्र का दिसत नाही? कारण ती बिघडते, आणि बिघडली तर जनावर दगावते. युरिया पुरता विरघळला नाही तर खडे एका जागी राहतात आणि विषबाधा होते. झाकण फाटके असेल तर अमोनिया उडून जातो आणि राहतो तो बुरशी आलेला ढीग. उघडल्यावर तासभर हवेवर न पसरता घातले तर गाय तोंड फिरवते. सहा महिन्यांखालच्या वासराला तर द्यायचेच नाही. एका शिबिरात दाखवून ही गोष्ट रुजत नाही; पहिल्या दोन ढिगांना कोणीतरी जाणते शेजारी उभे राहावे लागते. हे मनुष्यबळ म्हणजेच खरे मिथेन धोरण. त्याला कोणी तसे नाव देत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत.

पैसे आणि मथळे मिळतात ते गोळ्या-पावडरींना. ३-एनओपी हे रसायन मिथेन बनवणारे विकर रोखते आणि दुभत्या गाईत सुमारे ३० टक्के घट करते, हे खरे आहे. युरोपने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये त्याला वाट मोकळी केली. पण त्याचा परिणाम काही तासांचा असतो. गाय दिवसभर एकजीव मिश्रण खात असेल तर प्रत्येक घासाबरोबर ते पोटात जाते. आपली गाय सकाळी खुराक, दुपारी बांधावर, संध्याकाळी कडबा. दिवसातून दोनदा चमचाभर दिलेली पावडर मधल्या वेळात काय करणार? बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून हरित धारा नावाचे खाद्य केले. त्यात १७ ते २० टक्के घट सांगितली जाते आणि ते आपल्या परिस्थितीला जवळचे आहे. तरीही उपाशी गाईला ढेकर न येण्याचे औषध देण्याआधी तिला पोटभर नि नेमके खायला घालणे जास्त शहाणपणाचे. (खुराक वाढवा म्हणजे वाटेल तितका वाढवा असेही नाही. लग्नातला उरलेला भात-पोळ्या घमेल्याने गाईपुढे ओतल्या की कोठीपोट आंबट होऊन ती आडवी पडते, हे प्रत्येक पशुवैद्याला माहीत आहे.)

इथे सर्वांत अवघड आक्षेप उभा राहतो, आणि तो मला स्वतःला टोचणारा आहे. लिटरमागे मिथेन घटला, पण लिटर वाढले तर? २०२३-२४ मध्ये देशाचे दूध सुमारे २,३९० लाख टन झाले आणि ते वाढतेच आहे. कार्यक्षम इंजिनांनी कोळशाचा खप घटवला नाही, वाढवला, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने पाहिले आहे. दुधाचे तसे होणार नाही कशावरून? होऊ शकते. एकूण मिथेन खाली आणायचा तर लिटरमागची घट पुरणार नाही. तेवढेच दूध कमी जनावरांतून यावे लागेल. आणि जनावरे कमी होण्याच्या वाटेत महाराष्ट्रात २०१५ चा गोवंश हत्याबंदी कायदा उभा आहे. त्याच्या बाजूचे नि विरोधातले मुद्दे इथे उगाळत नाही. एवढे मात्र खरे की भाकड गाय आणि गोऱ्हा यांना गिऱ्हाईक नसले की ते गोठ्यात किंवा रस्त्यावर पंधरा वर्षे ढेकर देत जगतात. कायदा तसाच ठेवून जन्माच्या टोकाला हात घालता येतो: लिंगनिर्धारित रेतमात्रांनी साधारण नव्वद टक्के कालवडी होतात, नको असलेले गोऱ्हे जन्मालाच येत नाहीत. पण त्या मात्रेचा गर्भधारणेचा दर साध्या मात्रेपेक्षा कमी असतो, आणि आधीच उलटणाऱ्या अर्धपोटी गाईवर ती वापरली तर पैसे पाण्यात. पुन्हा वैरणच.

शेणाबद्दल मात्र आपल्याकडे जरा जास्तच आत्मसंतुष्टता आहे. गोबरगॅस लावला की मिथेन वाचला, असे समीकरण धोरणात पक्के बसले आहे. उकिरड्यावर किंवा गोवरीत शेण कोरडे, हवेशीर असते. त्यातून मिथेन फारच थोडा निघतो, संभाव्य प्रमाणाच्या काही टक्के. टाकीत तेच शेण हवेविना ठेवून आपण मुद्दाम जास्तीत जास्त मिथेन तयार करतो. तो सगळा जळला तर उत्तम: लाकूड वाचते, धूर जातो, स्लरी मिळते. पण घुमटाला तडा असेल, नळीचा सांधा गळत असेल, किंवा दोन घनमीटरच्या संयंत्राला ५० किलो शेण रोज घातले जाते आणि घरात माणसे दोनच उरलीत म्हणून निम्मा गॅस न वापरता निकासकुंडीतून बुडबुडत जातो, तर काय झाले? उकिरड्यापेक्षा जास्त मिथेन हवेत गेला, आणि वर अनुदान मिळाले. साबणाचे पाणी लावून सांधे तपासणे हे दहा मिनिटांचे काम आहे. अनुदानाच्या अर्जात त्याला जागा नाही. याहून मोठा धोका नव्या पद्धतीच्या मोठ्या गोठ्यांत आहे. पाण्याच्या फवाऱ्याने फरशी धुऊन शेण उघड्या खड्ड्यात साठवले की उष्ण हवेत त्यातला मिथेन कोरड्या ढिगाच्या कितीतरी पट होतो. चार गाईंच्या शेणाची गोवरी थापणारी बाई या बाबतीत शंभर गाईंच्या चकचकीत डेअरीपेक्षा स्वच्छ आहे. अशा गोठ्यांना झाकलेली टाकी सक्तीची करायला काय हरकत आहे?

भाताचे थोडक्यात, कारण तिथे उपाय ठरलेला आहे आणि अडचणही. खाचरात पाणी कायम तुंबले की मातीतली हवा संपते आणि मिथेन रोपाच्या पोकळ खोडातून वर येतो. मधूनमधून पाणी आटू दिले तर तो निम्म्याच्या आसपास येतो. ३० सेंटिमीटर लांबीची भोके पाडलेली नळी अर्धी जमिनीत रोवायची, आतली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पाणी द्यायचे, फुलोऱ्यात मात्र ५ सेंटिमीटर पाणी ठेवायचे. कोकणात, मावळात जुलैच्या पावसात हे अशक्य आहे. आभाळाला झडप नसते. तिथे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रासारखी, चिखलणी टाळून गादीवाफ्यावर टोकण्याची पद्धत जास्त कामाची. भंडारा-गोंदियाच्या उन्हाळी धानाला नळीची पद्धत चालण्यासारखी आहे, पण रात्रपाळीने येणारी वीज पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसेल तर कोणता शेतकरी भरलेली बांधी सुकू देईल? शिवाय पाणी हटले की तण वाढते आणि निंदणीची मजुरी त्याच्याच अंगावर. मिथेनच्या कर्बपतीवर, म्हणजे घटवलेल्या वायूच्या विकाऊ प्रमाणपत्रावर, पैसे देऊ म्हणणारे आता गावांत फिरू लागलेत. चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प व्हेरा या नोंदणी संस्थेने २०२४ मध्ये रद्द केले, एवढे लक्षात ठेवून सही करावी.

आणि शहराचे काय? गोठ्याकडे बोट दाखवणाऱ्या शहराने आपला कचरा एकदा मोजावा. मुंबईच्या कांजूरमार्ग कचराभूमीवर उपग्रहांनी ताशी सुमारे ९.८ टन मिथेन टिपला. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपग्रह मोजक्याच निरभ्र दिवशी पाहतो, त्यामुळे वर्षभराचा आकडा काढताना कमी-जास्त होणारच. तरी तोच दर धरला तर वर्षाला ८५ हजार टन, म्हणजे आपल्या सरासरीच्या जवळपास १५ लाख दुभत्या गाईंचे ढेकर. महाराष्ट्रात सगळे मिळून गाय-बैल १ कोटी ४० लाखांच्या आसपास आहेत. ज्या दुधासाठी गाईने ढेकर दिला ते नासून गटारात, ज्या भातासाठी खाचराने मिथेन सोडला तो शिळा होऊन कांजूरला: एकाच अन्नावर दोनदा मिथेन. ओला कचरा वेगळा काढणे यात ना कोणाची उपजीविका जाते ना कोणाची श्रद्धा दुखावते. उपजीविकेच्या मिथेनला हात लावू नका असे दिल्लीने जगाला सांगायचे आणि चैनीचा मिथेन मुंबईत मोकळा सोडायचा, याला अग्रवाल-नारायण यांची वाटणी आधार देत नाही.

कर लावा म्हणणाऱ्यांसाठी न्यूझीलंड पुरे. २००३ मध्ये तिथे ढेकरांवर आकारणीचा प्रस्ताव आला, शेन आर्डर्न नावाच्या खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला, प्रस्ताव गेला. २०२२ मध्ये पुन्हा आला, २०२४ मध्ये नव्या सरकारने पुन्हा गुंडाळला. डेन्मार्क २०३० पासून एक टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीच्या वायूमागे ३०० क्रोनर लावणार आहे, त्यातही साठ टक्के सूट. तिथे प्रत्येक गाय संगणकात आहे आणि दूध संघांची पकड पक्की आहे. आपल्याकडे दोन-चार गाईंचा गोठा, आणि दर पडले की २०२४ सारखे लिटरला पाच रुपये सरकारनेच घालायचे. त्या माणसाकडून कर घेणार?

त्यापेक्षा दूध संघांच्या मुख्य प्रयोगशाळांत जी इन्फ्रारेड यंत्रे आहेत, त्यांच्यावर दुधातला युरिया मोजता येतो; भेसळीचा नव्हे, गाईच्या शरीरातून आपोआप दुधात उतरणारा. तो फार कमी आला तर गाईला प्रथिने कमी पडताहेत, फार जास्त आला तर पेंडीचे पैसे मुतात चाललेत. आधी गावाचा एकत्रित नमुना आणि मग ज्या गावाचा आकडा बिघडलेला दिसेल तिथे गोठ्यागोठ्याचा, महिन्यातून एकदा, गाळप हंगामात दोनदा. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूध बिलावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांच्या शेजारी या आकड्याला तिसरा रकाना हवा, आणि तो कसा वाचायचा हे सांगायला संकलन केंद्रावर एक माणूस.